सात पानांची फांदी जंगली नसते

गेल्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या काकूंनी त्यांच्या लाल झुडपी गुलाबाच्या तीन जाड, मरून रंगाच्या, रसरशीत फुटी बुडापासून कापून टाकल्या. मी कुंपणापाशी गेले तेव्हा त्या फांद्या पायरीवर पडलेल्या होत्या. “काकू, या का कापल्यात?” तर म्हणाल्या, “अगं, सात पानं होती ना त्यांना! जंगली फांदी. तो मेसेज नाही का आला तुला?”

आला होता. दर पावसाळ्यात तो सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतो. त्यात चार गोष्टी ठामपणे सांगितलेल्या असतात. गुलाबाच्या पाच पानांच्या फांद्या खऱ्या आणि सात पानांच्या जंगली, म्हणून त्या दिसताच कापाव्यात. झुडपी गुलाब दर महिन्याला कातरून गोल ठेवावा, म्हणजे फुलं वाढतात. लाल रंग गडद हवा तर चहाचा चोथा आणि एप्सम सॉल्ट घालावं. आणि नाशिक म्हणजे गुलशनाबाद, इथल्या काळ्या मातीत गुलाब आपोआप येतो. काकूंच्या त्या तीन फांद्यांवर दिवाळीनंतर फुलांचे घोस आले असते, म्हणून हे उत्तर लिहिते आहे.

आधी पानांचं. आपण ज्याला पाच किंवा सात पानं म्हणतो, ते खरं तर एकच पान असतं, पाच किंवा सात पर्णिकांचं. लांब दांड्याच्या, दांडीला एकेकच मोठं फूल देणाऱ्या हायब्रिड टी गुलाबांत बहुधा पाच पर्णिका दिसतात, आणि हा नियम तिथून उचललेला आहे. त्या गुलाबांतही जोमदार फुटीवर सात येतात. झुडपी गुलाबांचे पूर्वज वेगवेगळे, त्यांत रानगुलाबांचं रक्त जास्त, त्यामुळे सात पर्णिका हे त्यांचं नेहमीचं पान असू शकतं. म्हणजे हा नियम लावला, तर निरोगी झुडपी गुलाब अर्धाअधिक कापून निघेल.

उलट बाजूनेही नियम फसतो. आपल्याकडे हव्या त्या गुलाबाचा डोळा, म्हणजे अंकुर, दुसऱ्या काटक गुलाबाच्या मुळांवर, म्हणजे खुंटावर, भरून कलम करतात. त्या खुंटांपैकी मल्टिफ्लोराच्या पानात सात, कधी नऊ पर्णिका असतात हे खरं. पण इंडिका ओडोराटा आणि एडवर्ड हेही खुंट वापरात आहेत आणि त्यांना पाच पर्णिकांची पानंही येतात. मोजत बसलात तर खरी रानफूट, म्हणजे खुंटाची फूट, पाच पानं दाखवून सुटेल आणि घरचं लेकरू मारलं जाईल.

मग ओळखायचं कसं? हे नाशिककरांना मी सांगावं असं काही नाही. द्राक्षाचीही कलमं डॉगरिज नावाच्या खुंटावर करतात. बागेत त्या खुंटाला फूट आली तर बागायतदार पानं मोजतो का? तो बुडाशी वाकतो आणि फूट कलमाच्या गाठीच्या वर आहे की खाली, ते पाहतो. गुलाबालाही तेच. बुडाजवळची माती बोटांनी सारा. डोळा भरलेल्या जागी गाठीसारखा फुगवटा असतो. त्याच्या वरून किंवा त्या गाठीतूनच आलेली फूट तुमच्या गुलाबाची. गाठीखालून, मुळाकडून आलेली फूट खुंटाची. आणखी एक खूण आहे, पण ती जोडीला ठेवा, एकटीवर विसंबू नका: बहुतेक लाल गुलाबांची कोवळी फूट तांबूस-मरून असते आणि खुंटाची फिकट हिरवी. काकूंनी कापलेल्या तिन्ही मरून होत्या आणि तिन्ही गाठीच्या वर होत्या. मी माती सारून दाखवलं तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्याच नाहीत.

खरी रानफूट सापडली तर ती कापू नका, उगमापर्यंत माती उकरून खाली ओढून उपटा. कापली की बुडाशी राहिलेले डोळे दोनाच्या चार करतात. तिच्याकडे दुर्लक्ष झालं तर वरचं झाड मागे पडतं आणि एक दिवस लाल गुलाबाला पांढरी किंवा गुलाबी फुलं येऊ लागतात. मग आपण म्हणतो रंग बदलला. रंग बदललेला नसतो, खुंटाने झाड ताब्यात घेतलेलं असतं.

तुमचा गुलाब काडी लावून वाढवलेला असेल तर हा प्रश्नच नाही. त्याला खुंट नाही, म्हणून रानफूटही नाही. कुणाच्या अंगणातून आणलेले पुष्कळसे गावठी आणि झुडपी गुलाब असेच स्वतःच्या मुळांवर असतात. त्यांच्या फांद्या सात पानं पाहून कापणाऱ्यांचं मला फार वाईट वाटतं.

आता गोल कातरण्याचं. पुन्हा फुलणाऱ्या गुलाबाचं फूल नव्या फुटीच्या टोकाला येतं. फांदी छाटल्यापासून तिथे फूल उमलायला साधारण सहा ते सात आठवडे लागतात. दर महिन्याला कात्री फिरवलीत तर कळी धरायच्या आत टोक जातं. हिशेब इतका सरळ आहे. शिवाय कुंपणाच्या मेंदीसारखा गोळा केला की बाहेर पानांची दाट साल तयार होते आणि आत ऊन-वारा न मिळून काड्या वाळतात. पावसाळ्यात पानं ओली राहतात आणि काळे ठिपके तिथूनच सुरू होतात. हे ठिपके पाडणाऱ्या बुरशीला रुजायला पान सलग सातेक तास ओलं लागतं. संध्याकाळी पाइपने झाड न्हाऊ घालणारे तिची रात्रभराची सोय करतात. पाणी सकाळी, बुडाशी, आळ्यात द्या.

झुडपी गुलाबाचं सौंदर्य त्याच्या कमानीत आहे. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या मध्याला, एकदाच नीट छाटणी करा. आधी वाळलेलं, मग आत शिरणारं, मग सगळ्यात जुनाट एक-दोन फांद्या बुडातून. उरलेल्याची उंची फार तर एक तृतीयांश कमी करा. हायब्रिड टीसारखं गुडघ्यापर्यंत आणू नका. लांब फांद्या राहिल्या तर त्या कापण्याऐवजी वाकवा. उभ्या फांदीत टोकाचा डोळा खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो. फांदी आडवी करून सुतळीने खुंटीला बांधली की तो जोर मोडतो आणि तिच्या लांबीभर डोळे फुटतात, प्रत्येकाला फूल. हे पहिल्यांदा केलं त्या वर्षी डिसेंबरात झाडाकडे बघून मला खरोखर भरून आलं होतं.

जागेचंही सांगते. गडद लाल पाकळ्या एप्रिलच्या पश्चिमेच्या उन्हात कडेने करपून काळ्या पडतात. सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारनंतर भिंतीची सावली येईल अशी जागा द्या. मागे पांढरी भिंत असेल तर लाल उठून दिसतो, पायाशी पांढरी सदाफुली, बाजूला निळा प्लंबॅगो. शेजारी केशरी झेंडू मात्र नको, दोन्ही रंग एकमेकांना मारतात.

चहाचा चोथा आणि एप्सम सॉल्ट. गुलाबाचा लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा. ते थंडीत जास्त साठतं, म्हणून तेच झाड नाशिकच्या डिसेंबरात गर्द फुलतं आणि मेमध्ये फिकं. चहाने ते होत नाही. उकळून झालेल्या चोथ्यात आम्लता नावापुरती उरते आणि आपली चुनखडीयुक्त माती ती सहज गिळते. दूध-साखरेचा चोथा तसाच टाकला तर मुंग्या आणि बुरशी. धुऊन कंपोस्टात घाला, तिथे त्याचं सोनं होतं. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. आपली काळी माती बेसाल्टची, तिच्यात मॅग्नेशियमची वाण क्वचितच. आपल्याकडे पिवळी पडतात ती कोवळी पानं, शिरा हिरव्या ठेवून, आणि ती खूण लोहाची आहे. चुन्यामुळे लोह मातीत असूनही मुळांना मिळत नाही. तिथे चिलेटेड लोह, म्हणजे चुन्यातही मुळांना घेता येईल अशा रूपातलं लोह, द्यावं लागतं आणि शेणखत भरपूर.

आणि गुलशनाबाद. मोगलांच्या काळात नाशिकचं हे नाव होतं, त्याचा मलाही अभिमान आहे. पण नावाने निचरा होत नाही. काळी माती पावसाळ्यात चिकट होऊन पाणी धरते आणि उन्हाळ्यात भेगाळते. आज नाशिकजवळच्या जानोरी-मोहाडीकडचे गुलाब उत्पादक पॉलिहाऊसमध्ये गादीवाफे भरून गुलाब लावतात, आहे त्या रानात नुसतं रोप खोचत नाहीत. अंगणात दीड फुटाचा खड्डा घ्या, तळाला विटांचे तुकडे नकोत, ते पाणी अडवतात. निघालेल्या मातीत तिच्या निम्मं शेणखत, थोडी निंबोळी पेंड आणि भरड वाळू मिसळून तीच भरा, आणि वाफा भोवतालच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच ठेवा.

काकूंच्या झाडाला यंदा श्रावणात बुडातून पुन्हा एक फूट आली. या वेळी त्यांनी मला हाक मारली आणि माती त्यांनी स्वतःच सारली. फूट गाठीच्या वर होती. आता ती चार फूट उंच झाली आहे. पुढच्या रविवारी आम्ही दोघी मिळून ती वाकवून बांधणार आहोत.