बेअरिंग बसवले तरी मास्ट झिजतोच

हॅम, म्हणजे हौशी रेडिओ चालवणाऱ्या मंडळींत अँटेना ज्यावर बसते त्या फिरत्या खांबाविषयी, म्हणजे मास्टविषयी, एक सल्ला सर्रास पुढे पाठवला जातो: “मास्टसाठी जीआय पाइप घ्या, टॉवरच्या माथ्यावर थ्रस्ट बेअरिंग बसवा, वर्षातून एकदा ग्रीस भरा, बोल्ट आवळा, मास्ट कधीच झिजणार नाही.” याचा एकेक भाग तपासला, तर फारसे काही हाती उरत नाही.

जीआय पाइपवरचा जस्ताचा थर मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहूनही पातळ असतो आणि तो गंजापासून वाचवतो, घासण्यापासून नव्हे. तो उडाला की उघड्या लोखंडावर तांबूस भुकटी धरते, आणि पुढची झीज ही भुकटीच पॉलिश पेपरसारखी करते.

थ्रस्ट बेअरिंग, म्हणजे मास्टचे वजन पेलून त्याला फिरू देणारे कडे, असले की घासणे संपले, हे म्हणणेही अर्धवट आहे. रोटेटर, म्हणजे मास्ट फिरवणारी मोटर, अँटेना दिवसातून मोजक्या वेळा फिरवतो. वारा मात्र मास्टला सतत हलवत असतो, आणि खरी झीज या हलण्याची असते. त्यात आपल्याकडे मापाचा घोळ आहे. दुकानात ‘दीड इंची’ म्हणून मिळणाऱ्या ४० एनबी (नॉमिनल बोअर) पाइपचा बाहेरचा व्यास सुमारे ४८.३ मिमी भरतो, कारण त्याचे नाव आतल्या पोकळीवरून पडले आहे. दोन इंची मास्टसाठीच्या बेअरिंगचे भोक मात्र किमान ५०.८ मिमीचे. या अडीच मिमीच्या मोकळ्या जागेमुळे मास्ट प्रत्येक झुळकीसरशी कडेवर आपटतो आणि तेथे नखाला लागेल अशी खाच पडते.

बेअरिंगऐवजी नुसती नळी, म्हणजे स्लीव्ह, असेल, तर तिच्यातले उघडे ग्रीस धूळ धरून ठेवते. मग ते इंजिनाचे व्हॉल्व्ह घासायच्या खरखरीत पेस्टपेक्षा वेगळे राहत नाही.

मास्टला धरणारे बेअरिंगचे बोल्ट आवळण्याचा सल्ला चुकीचा नाही, अपुरा आहे. ते ढिले असतील तर बेअरिंगची आतली रिंग जागीच राहते आणि मास्ट तिच्यात घासत फिरतो, हे खरे. पण रोटेटर आणि बेअरिंग एका ओळंब्यात नसताना ते आवळले, तर मास्ट वाकतो आणि तो ताण रोटेटरच्या गिअरवर येतो. म्हणून आधी पूर्ण फेरा देऊन मास्ट मध्यावर राहतो का, ते पाहावे.

साध्या स्लीव्हसाठी टर्नरकडून प्लॅस्टिकचा बुश, म्हणजे आत बसणारे अस्तर, करून घ्यावा. झिजायचे ते त्याने झिजावे. मात्र नायलॉन घेऊ नये, कारण पावसाळ्यात ते पाणी शोषून फुगते आणि मास्ट आवळून धरते. काळे डेलरिन हे प्लॅस्टिक बरे, आणि बुश उभा चिरून दोन फाकांचा करावा, म्हणजे अँटेना न उतरवता तो बदलता येतो.