गाडीचा नंबर पडताळता येतो, चेहऱ्याचं काय? (संमोहनावरच्या प्रतिक्रियेला उत्तर)

सर, तुमची प्रतिक्रिया दोन ओळींत उत्तर देऊन सोडण्यासारखी नव्हती म्हणून सविस्तर लिहितोय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो, साक्षीदाराला संमोहित करून काढलेली आठवण कोर्टात पुरावा म्हणून चालू नये असं मी लिहिलं होतं. त्यावर सरांचं म्हणणं असं की ते स्वतः हिप्नोथेरपी करतात, पेशंटला फरक पडताना बघतात, अमेरिकेतल्या चावचिला केसमध्ये ड्रायव्हरला संमोहनातच गाडीचा नंबर आठवला, मग मी एका चांगल्या विद्येला बदनाम का करतोय, आणि साक्षीदाराला नाहीतरी काही आठवत नसेल तर करून बघायला हरकत काय.

थेरपीबद्दल आपला वादच नाही. दुखणं कमी व्हावं, भीती जावी म्हणून कुणी संमोहन घेत असेल तर त्या माणसाच्या डोळ्यासमोर आलेलं चित्र खरंच घडलं होतं का हा प्रश्न तिथे बहुतेक वेळा येतच नाही. कोर्टात फक्त तोच प्रश्न असतो.

आता चावचिला. जुलै 1976, कॅलिफोर्निया, स्कूल बसमधली 26 मुलं आणि ड्रायव्हर एड रे यांना पळवून एका खाणीत पुरलेल्या ट्रकच्या डब्यात कोंडलं होतं, साधारण 16 तासांनी ते स्वतःच बाहेर निघाले. नंतर रे यांना संमोहित केलं आणि त्यांनी पळवणाऱ्यांच्या एका गाडीचा नंबर सांगितला, तो एक आकडा सोडला तर बरोबर निघाला. हे मला मान्यच आहे. पण दोन गोष्टी बघा. एक तर ती खाण आरोपी फ्रेडरिक वूड्सच्या वडिलांचीच होती, म्हणजे पोलीस त्या घरापर्यंत नंबर नसता तरी पोचलेच असते. आणि दुसरं जास्त महत्त्वाचं, नंबर बरोबर आहे हे आपल्याला कळलं कसं? रेकॉर्ड काढून बघितलं म्हणून! रे यांना किती खात्री वाटत होती यावर काहीच अवलंबून नव्हतं. चेहऱ्याचं तसं कुठलं रजिस्टर आहे? साक्षीदार बोट दाखवून म्हणतो हाच तो, आणि पडताळायला त्याच्या खात्रीशिवाय हातात काहीच नसतं, आणि संमोहनाने नेमकी ती खात्रीच फुगते.

चार्ल्स डॉन फ्लोरेसची केस बघा. जानेवारी 1998, डॅलसजवळ एका बाईचा खून झाला. शेजारणीने सकाळी खिडकीतून दोन माणसं गाडीतून उतरताना पाहिली होती, तिचं वर्णन होतं दोघं गोरे, केस लांब. काही दिवसांनी पोलीस खात्यातल्याच एका अधिकाऱ्याने तिला संमोहित केलं आणि शेवटी असंही सांगितलं की पुढे तुला आणखी आठवत जाईल. त्यानंतर फोटो दाखवले, त्यात फ्लोरेसचा फोटो होता, तिने तो निवडला नाही. फ्लोरेस लॅटिनो, अंगाने आडवा, केस बारीक कापलेले. आणि वर्षभराने खटल्यात, आरोपीच्या खुर्चीत बसलेल्या माणसाकडे बघून तीच बाई ठामपणे म्हणाली की हाच होता. फाशीची शिक्षा झाली. ती बाई खोटं बोलत होती असं मला अजिबात वाटत नाही, आणि म्हणूनच मला ही केस इतकी लागते, कारण खोटं बोलणाऱ्याला उलटतपासणीत पकडता येतं, मनापासून खात्री असलेल्या माणसाला वकील विचारणार काय?

हे माझं एकट्याचं मत नाही. 1983 मध्ये डायवन आणि बॉवर्स या संशोधकांनी लोकांना 60 चित्रं दाखवून आठवडाभर पुन्हा पुन्हा आठवायला लावलं, मग संमोहित केल्यावर त्यांनी इतरांच्या दुप्पट नवी चित्रं सांगितली, पण चुका तिप्पट. त्याच वर्षी लॉरेन्स आणि पेरी यांनी चटकन संमोहित होणाऱ्या 27 जणांना संमोहनात, मनाने, मागच्या आठवड्यातल्या एका रात्री नेलं आणि सुचवलं की तुम्ही मोठा आवाज ऐकून जागे झालात. संमोहन उतरल्यावर 13 जण म्हणाले की हो, आवाज झाला होता. म्हणजे चुकून सुटलेला एक शब्दसुद्धा आठवण होऊन बसतो.

तुम्ही म्हणाल की गाइसेलमन आणि फिशरच्या 1985 च्या अभ्यासात पोलिसांच्या नेहमीच्या विचारपूशीपेक्षा संमोहनातून जास्त बरोबर माहिती निघाली होती. निघाली होती, खरंय. पण त्याच अभ्यासात कॉग्निटिव्ह इंटरव्ह्यूमधूनही जवळपास तेवढीच निघाली, आणि त्यात संमोहन नावालाही नाही. साक्षीदाराला शांत बसू द्यायचं, ती जागा, उजेड, आवाज मनात आणायला सांगायचं, जे आठवेल ते सगळं बोलू द्यायचं, मग उलट क्रमाने सांगायला लावायचं, आणि मधे तोडायचं नाही. मला वाटतं की संमोहनाचा जो फायदा दिसतो तो मुख्यतः याचाच आहे, तो धोका न पत्करता मिळत असेल तर संमोहन हवंच कशाला?

आपल्याकडे नार्को टेस्टवर (औषध देऊन गुंगीत बोलतं करतात ती) 2010 मध्ये सेल्वी केसचा निकाल आला. नार्को आणि संमोहन एक नाही हे माहीत आहे, पण तिथेही सुप्रीम कोर्टाने म्हटलं की संमतीने टेस्ट केली तरी तिचा निकाल स्वतः पुरावा नाही, मात्र त्या माहितीवरून पुढे वस्तू सापडली तर ती चालू शकते. मी नंबर प्लेटबद्दल जे म्हणतोय तेच आहे हे.

राहिला हरकत काय हा प्रश्न. हरकत अशी की साक्षीदार कायमचा बिघडतो. संमोहनाआधी त्याला किती आठवत होतं आणि नंतर त्यात काय मिसळलं हे त्यालाही वेगळं करता येत नाही, आणि मग त्याची मूळची खरी आठवणसुद्धा संशयात जाते. कॅनडाच्या ट्रोचिम केसमध्ये शेजारीण आधी म्हणत होती आरोपीला गुरुवारी पाहिलं, संमोहनानंतर म्हणाली बुधवारी, आणि खुनाच्या केसमध्ये एक दिवस म्हणजे सगळंच. 2007 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने नवा खटला चालवायला सांगितला. टेक्सासने तर 2023 मध्ये कायदा करून खटल्यांत असे जबाब बंदच केले.

तरीही उद्या कुणी साक्षीदार तुमच्याकडे घेऊन आलंच, तर सर एवढं तरी बघा की त्याला जे आठवतंय ते आधी पूर्ण लिहून किंवा रेकॉर्ड करून झालंय, खोलीत तपास अधिकारी बसलेला नाही, तुम्हाला केसची माहिती लेखी मिळालीय त्यापलीकडे काही माहीत नाही, आणि पहिल्या नमस्कारापासून शेवटपर्यंत कॅमेरा चालू आहे. न्यू जर्सीच्या कोर्टाने 1981 च्या हर्ड केसमध्ये साधारण याच अटी घातल्या होत्या. यातली एक जरी पूर्ण होत नसेल तर सरळ नाही म्हणा.