कार्डावर सगळं छापायचं आणि वर दोष आम्हालाच?

कार्डातून पैसे गेले म्हणून फोन केला की पहिला प्रश्न ठरलेला: "तुम्ही नंबर किंवा ओटीपी कुणाला सांगितला होता का?" चोर राहिला बाजूला, पिंजऱ्यात आपण! संताप होतो तो याचा. कार्डाचा १६ आकडी नंबर, मुदतीची तारीख आणि मागचे ३ आकडे, एवढ्यावर जगभरातल्या कितीतरी वेबसाइट पैसे कापून घेतात. आणि हे तिन्ही बहुतेक कार्डांवर उघड छापलेलं असतं. बिल देताना कार्ड मिनिटभर दुसऱ्याच्या हातात गेलं की पुढून-मागून दोन फोटो पुरतात.

बरं, कुणालाही काही न सांगता, कार्ड कपाटाबाहेरही न पडता नंबर चोरता येतो. पहिले ६ किंवा ८ आकडे बँकेचे, ते सगळ्यांना माहीत. शेवटचा आकडा आधीच्या आकड्यांवरून साध्या गणिताने निघतो. मधले राहिले ते ७ ते ९ आकडे. सॉफ्टवेअर लावून हजारो नंबर तयार करायचे आणि कच्च्या सुरक्षेच्या वेबसाइटवर एकेक चालवून बघायचे, हा चोरांचा रोजचा धंदा आहे. नंबर चालतो का ते बघायला आधी अगदी किरकोळ रक्कम कापतात, मोठा हात नंतर मारतात. म्हणून मेसेजची सूचना 'ठरावीक रकमेच्या वर' अशी ठेवूच नका, प्रत्येक व्यवहाराला यायला हवी. अनोळखी नावाने चिल्लर कापली गेली तर 'जाऊ दे' म्हणू नका, त्याच क्षणी अ‍ॅपमधून कार्ड बंद करा. परदेशी आणि ऑनलाइन व्यवहारांची बटणंही एरवी बंदच ठेवा, लागेल तेव्हा पाच मिनिटांसाठी चालू करा.

मागची काळी पट्टी हा तर डोक्यात जाणारा प्रकार. चिप दर व्यवहाराला नवा कोड बनवते, त्यामुळे तो चोरून उपयोग नाही. पट्टीवर मात्र कायम तीच माहिती. एकदा वाचली की दुसऱ्या कार्डावर जशीच्या तशी उतरवता येते. हे माहीत असूनही मास्टरकार्डने पट्टी पूर्ण हद्दपार करायला २०३३ साल ठरवलंय! तोवर काउंटरवर कुणी "चिप लागत नाहीये, घासून बघू" म्हणालं की सरळ नाही म्हणा. चिप मुद्दाम निकामी करून पट्टी घासायला लावणं ही जुनी चाल आहे. टॅप करा, तेही स्वतःच्या हाताने. एटीएमवर कार्ड घालायची खाच आधी धरून हलवून बघा. पट्टी वाचून घ्यायला वरून बसवलेला सापळा बऱ्याचदा हलतो. पिन टाकताना दुसरा हात वर धरा, कारण पिन टिपणारा कॅमेरा बारीक छिद्रामागे असतो. आणि दैनंदिन मर्यादा कमी ठेवा, विशेषतः डेबिट कार्डाची. तिथे जातो तो आपल्याच खात्यातला पैसा.

आता ओळखीची चोरी, म्हणजे तुमची माहिती वापरून तुमच्या नावाने वावरणं. २०१७ मध्ये लोकांच्या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या इक्विफॅक्स कंपनीतून अमेरिकेतल्या सुमारे १४.७ कोटी लोकांची नावं, जन्मतारखा, ओळख क्रमांक गेले. त्यातल्या बहुतेकांनी त्या कंपनीला स्वतःहून काहीच दिलं नव्हतं. पासवर्ड बदलता येतो, जन्मतारीख कुठून बदलणार? तरी अजून "आईचं माहेरचं आडनाव काय?" विचारून खातं उघडून देतात! अशा प्रश्नांना खरं उत्तर देऊच नका. काहीही अगम्य अक्षरं टाका आणि पासवर्ड मॅनेजरमध्ये जपून ठेवा. ओळखपत्राची झेरॉक्स द्यावीच लागली तर मजकुरावरून आडवं लिहा: कुणाला, कशासाठी, कोणत्या तारखेला. कार्डामागचे ३ आकडे कागदी फॉर्मवर कुणी मागितले तर देऊ नका. व्यवहार मंजूर झाल्यावर ते साठवून ठेवायला कार्ड कंपन्यांच्या नियमांचीच बंदी आहे, मग कागदावर हवेत कशाला?

फोनचं नेटवर्क अचानक गेलं आणि शेजारच्याचं त्याच कंपनीचं चालू असेल, तर 'येईल थोड्या वेळाने' म्हणून बसू नका. तुमचा नंबर दुसऱ्या सिमवर वळवलेला असू शकतो, म्हणजे ओटीपी तिकडे जाणार. दुसऱ्या फोनवरून आधी बँक गाठा, मग सिम कंपनी. जिथे सोय आहे तिथे मेसेजचा ओटीपी सोडून फोनमध्येच कोड बनवणारं ऑथेंटिकेटर अ‍ॅप वापरा, सगळ्यात आधी ईमेलला. ईमेल हाती लागला की बाकी सगळे पासवर्ड तिथूनच बदलता येतात.

आणि हे कुणी धड सांगत नाही: कार्ड ब्लॉक करून नवं आलं, तरी जुन्या कार्डावर चोराने लावलेली दरमहाची वर्गणी चालू राहू शकते. नवा नंबर व्यापाऱ्यांना आपोआप कळवायची सेवा कार्ड कंपन्याच चालवतात. म्हणून तक्रार करतानाच लेखी मागा: जुन्या कार्डाला जोडलेली सगळी टोकन (कार्ड नंबराऐवजी व्यापाऱ्याकडे साठवलेले कोड) आणि आवर्ती परवानग्या (ठरावीक काळाने आपोआप पैसे कापायच्या) रद्द करा, नवा नंबर कुणालाही पाठवू नका. तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून घेतल्याशिवाय फोन ठेवू नका.