नित्याचं कर्ज आणि आईचं घर

काल रात्री नित्या कट्ट्यावर आला तर बंड्याने त्याला धड बसूही दिलं नाही. "सरका रे, सरका! चोवीस लाखांचे धनी आले!" रस्त्यात गेलेल्या जमिनीचा मोबदला परवाच त्याच्या बाबांच्या खात्यावर जमा झाला, हे एव्हाना सगळ्यांना माहीत होतं. नित्याच्या चेहऱ्यावर मात्र आनंदापेक्षा काळजीच जास्त.

"बँकेला कळलं तर? माझं शिक्षणाचं कर्ज अजून दहा लाख आहे. एकदम भरा म्हणतील का?"

"हप्ते वेळेवर जातात ना?" वैशालीने विचारलं. ती बारा वर्षं बँकेच्या कर्ज विभागात बसते, त्यामुळे असा विषय निघाला की आम्ही आपोआप तिच्याकडे तोंड करून बसतो. "मग कुणी काही मागत नाही. करार हप्त्याचा आहे, तुझ्या श्रीमंतीचा नाही. थकवलं असतंस तर गोष्ट वेगळी होती. बाबा सहकर्जदार आहेत, त्याच बँकेत त्यांचं खातं असतं तर तिथून वळतं करून घेतलं असतं."

समीर म्हणाला, इंग्लंडमध्ये बरं असतं, पगार ठरावीक मर्यादेच्या वर गेला तर वरच्या रकमेच्या ९ टक्के कापतात, नाही गेला तर काही नाही, वारशाने आलेले पैसे त्या पगारात धरतच नाहीत. २०२३च्या ऑगस्टपासून शिकायला लागलेल्यांचं तर ४० वर्षांनी उरलेलं माफ.

"माफ!" बंड्याचे डोळे चमकले. "मी तेच सांगतोय. इथे २०१७ला शेतकऱ्यांचं झालं, २०१९ला झालं, उद्या विद्यार्थ्यांचं होईल. थांब जरा निवडणुकीपर्यंत. जो भरतो तो मूर्ख!"

हे वाक्य बंड्या दर दोन महिन्यांनी टाकतो आणि दर वेळी मला राग येतो. त्याच्या घरी शिक्षणासाठी कुणी कर्ज काढलं नाही, कुठे सही केली नाही. हप्त्याच्या तारखेच्या आदल्या रात्री खात्यात किती आहेत ते पुन्हा पुन्हा बघणं त्याला ठाऊक नाही.

"नव्वद दिवस थकलं की एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज," वैशाली म्हणाली. "मग सिबिल गेलं, म्हणजे पतच गेली. नित्याला उद्या घरासाठी कर्ज लागेल तेव्हा तू जामीन राहणार का, बंड्या?"

बंड्या चहा ढवळायला लागला.

पण गप्प बसेल तर तो बंड्या कसला. दोन घोट झाले आणि त्याने मोबाईल काढला. "बरं, भर हप्ते. पण कर्ज चालू ठेव आणि चोवीस लाख फंडात टाक. बारा टक्के कुठे गेले नाहीत. कर्ज दहाने, कमाई बाराने, मधले दोन टक्के फुकट!"

"ते बारा टक्के लिहून दे," वैशाली म्हणाली. "कर्जाचे दहा लिहून दिलेले आहेत."

अण्णा एवढे हसले की त्यांचा चष्मा घसरला.

बंड्याने मग करसवलतीचा हुकमी पत्ता काढला. कलम ८०ई, शैक्षणिक कर्जाच्या व्याजाला पूर्ण वजावट, कमाल मर्यादा नाही, असं सोन्यासारखं कर्ज फेडतं कोण! आता हे अर्धं खरं आहे आणि अर्ध्या खऱ्यानेच माणसं फसतात, म्हणून वैशालीने काय सांगितलं ते नीट लिहून ठेवतो. वजावट फक्त व्याजाला, मुद्दलाला नाही. तीही व्याज भरायला लागल्यापासून आठच वर्षं. करपात्र उत्पन्नातून भरलेल्या व्याजालाच. आणि फक्त जुन्या करप्रणालीत.

"नित्या, तू कुठल्या प्रणालीत?"

"नवीन. नऊ लाख पगार आहे, कर शून्य येतो."

"झालं तर. शून्यातून काय वजा करणार?"

आता बंड्या वैयक्तिक पातळीवर उतरला. "तुम्ही बँकवाले व्याजावर जगता आणि लोकांना फेडा म्हणता! आधी फेडलं की दंड लावता, तो कुणी सांगायचा?" वैशालीचा आवाज चढला नाही. व्यक्तीने धंद्यासाठी न घेतलेलं, बदलत्या व्याजदराचं कर्ज मुदतीआधी फेडलं तर बँकेला शुल्क लावता येत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१४पासून आहे, एवढंच तिने सांगितलं. नित्याचा दर बदलता आहे. स्थिर असेल तर मात्र करार वाचायचा.

इथे अण्णांनी तोंड उघडलं. अण्णा तलाठी म्हणून निवृत्त झालेत आणि त्यांची कुठलीही गोष्ट १९८८च्या पुरापासून सुरू होते. कालही झाली. पुरात वाहून गेलेल्या बांधापर्यंत आम्ही ऐकलं, मग समीरने त्यांना हळूच २०१३च्या भूसंपादन कायद्यावर आणलं. त्या कायद्याच्या कलम ९६प्रमाणे अशा मोबदल्यावर आयकर नाही, हे अण्णांनी ठासून सांगितलं. लॉटरी लागली असती तर सरळ ३० टक्के आणि वर उपकर गेला असता. मग त्यांनी नित्याला विचारलं, "जमीन कुणाची रे?"

"पणजोबांपासूनची. सातबाऱ्यावर बाबांचं नाव."

"आणि मनीषा?"

नित्या गप्प झाला. मनीषा त्याची धाकटी बहीण. बंड्या म्हणाला, "अहो अण्णा, तिचं लग्न झालं की! खर्च केलाय त्यांनी."

"लग्न झालं म्हणून मुलगी राहिली नाही का?" वैशाली पहिल्यांदाच चिडून बोलली. हिंदू वारसा कायद्याच्या २००५च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला, २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर पुन्हा शिक्कामोर्तब केलं. "आई, बाबा, तू, मनीषा. चार वाटे. सहा लाख तुझे, नित्या. चोवीसचा आकडा डोक्यातून काढ आणि मग कर्जाचं बोल."

मला हे फार आवडलं. दोन दिवस सगळं गाव चोवीस लाखांचं काय करावं हे नित्याला शिकवत होतं आणि त्यातले अठरा त्याचे नाहीत, हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं. माझ्याही नाही.

मग समीरच्या मोबाईलवर हिशोब झाला. दहा लाख बाकी, दहा टक्के, दहा वर्षं. हप्ता सुमारे १३,२१५ रुपये. पहिल्या हप्त्यातले ८,३३३ नुसत्या व्याजाचे. हे असंच चाललं तर एकूण व्याज पाच लाख शहाऐंशी हजारांच्या आसपास. सहामधले दोन लाख अडीअडचणीला बाजूला ठेवून चार लाख मुद्दलात भरले आणि हप्ता तोच ठेवला तर कर्ज ५८ महिन्यांत संपतं, व्याज जातं सुमारे एक लाख सत्तावन्न हजार. त्याऐवजी मुदत दहा वर्षंच ठेवून हप्ता कमी करून घेतला तर हप्ता आठ हजारांच्या आत येतो, पण व्याज साडेतीन लाखांवर.

"म्हणजे मुदत कमी करायची," नित्या म्हणाला.

"आणि तसं लेखी द्यायचं," मी म्हणालो. इथे मला बोलावंच लागलं. माझं कर्ज सहा लाखांचं होतं, दर वर्षी दीड लाख मिळत गेले. चार वर्षं शिक्षण आणि वर एक वर्षाची सवलत, या काळात ११ टक्के सरळव्याज साचत राहिलं आणि पहिला हप्ता बसला तेव्हा आकडा आठ लाख एकतीस हजार झाला होता. पुढे वडिलांच्या ग्रॅच्युइटीतून दीड लाख मिळाले, ते मी काउंटरवर भरून आलो. अर्ज दिला नाही, कुणी मागितलाही नाही. त्यांनी ते पुढचे अकरा हप्ते आगाऊ आले असं धरलं. अकरा महिने खात्यातून काही कापलं गेलं नाही आणि सातवीतल्या बहिणीसाठी मी तेवढ्यात सायकल घेतली. मुदत एका दिवसानेही कमी झाली नव्हती. वडिलांची ग्रॅच्युइटी अशी विरघळली, याचं मला आजही वाईट वाटतं.

"अर्जात 'मुद्दलात अंशतः परतफेड, हप्ता कायम, मुदत कमी' असं लिही," वैशाली म्हणाली. "पोच घे. महिन्याभराने स्टेटमेंट काढून बघ."

बंड्याने शेवटचा जोर लावला. "एवढं करून कर्ज उरलंच ना! सहा लाख उरले! मग चार लाख घालवून मिळालं काय? त्यात बुलेट आली असती."

वैशालीने त्याच्याकडे पाहिलंच नाही. नित्याला म्हणाली, "बाबा कितीचे?"

"साठ पूर्ण."

"घर कुणाच्या नावावर गहाण आहे?"

"आईच्या. कर्ज साडेसात लाखांवर गेलं म्हणून तारण मागितलं होतं."

"दहा वर्षांनी बाबा सत्तरीचे. पाच वर्षांनी पासष्टीचे. तुझी नोकरी मध्येच गेली तर हप्ता त्यांच्याकडे मागणार, घर आईचं लटकणार. तू काय विकत घेतोयस माहितीये? त्या दोघांची पाच वर्षं."

कट्ट्यावर क्षणभर कुणी बोललं नाही. नित्या म्हणाला, गहाणखताच्या दिवशी आई नवी साडी नेसून आली होती. शिपायाला विचारत होती, सही चुकली तर पोराची फी थांबेल का. दोनदा कागदावर गिरवून बघितली आणि मग केली.

कर्ज संपलं की घराचे कागद ३० दिवसांत परत द्यायला लागतात, उशीर झाला तर बँकेला दिवसाला पाच हजार रुपये भरपाई द्यावी लागते, हे वैशालीने सांगितलं. अण्णांनी लगेच जोडलं, "बोजा कमी झाल्याची नोंद करून घ्यायची, नुसते कागद आणून कपाटात ठेवायचे नाहीत. माझ्या वेळी एकाने..." आणि १९८८चा पूर पुन्हा आला.

समीर पैसे द्यायला उठला. बंड्या सवयीने खिसे चाचपायला लागला तसा नित्या म्हणाला, "बंड्या, २०१६च्या गोव्याच्या ट्रिपचे माझे चौदाशे राहिलेत."

"अरे ते... दोनशे आत्ता घे. अंशतः परतफेड!"

"चालेल," वैशाली म्हणाली. "पण आधी व्याजात जातील."

अण्णा हसता हसता कट्ट्यावरून घसरायचेच राहिले. बंड्याने दोनशेची नोट काढली, नित्याने ती घेतली आणि चहाचे पैसे म्हणून समीरच्या हातात ठेवली. बंड्या ओरडत राहिला, "पोच द्या रे, पोच!"