महत्त्वाकांक्षी सरदारपुत्र व्हा, बाकीचे आपलं बघून घेतील

डंजन्स अँड ड्रॅगन्स या पात्रं वठवायच्या, फाशांच्या खेळात डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, विचारलंय, "पात्र कोणतं घेणार?" आणि तुमच्या डोक्यात उत्तर केव्हाच तयार आहे. तरुण, देखणा, बुडीत घराण्यातला धाकटा सरदारपुत्र. कमरेला रेपियर ही सडसडीत तलवार, ओठांवर कुत्सित हसू आणि एक दिवस राजाच्या उजव्या हाताला बसायची आकांक्षा. वा! झुंबराला लटकून उड्या, दरबारी कारस्थानं, जहाजावरच्या मारामाऱ्या, अशा कॅम्पेनला, म्हणजे अनेक बैठका चालणाऱ्या कथेला, असलाच माणूस हवा. गेल्या रविवारी आमच्या टेबलावर अशाच एका सरदारपुत्राचा पराक्रम बघायचं भाग्य लाभलं. त्यातून जे शिकलो ते ताजं आहे तोवर तुमच्या हवाली करतो.

बॅकस्टोरी ऐसपैस लिहा. "एक परिच्छेद पुरे" असं डीएम म्हणाला, तर तो भिडेखातर म्हणतोय असं समजा. आजोबांनी गमावलेली जहागीर, काकाने केलेला दगा, उस्तादाने मरताना शिकवलेला गुप्त वार, सगळं आलं पाहिजे. तीन राज्यांत तुमच्या तोडीचा तलवारबहाद्दर नाही असंही लिहून टाका. पात्र पहिल्या लेव्हलचं आहे, अंगात आठ-दहा हिट पॉइंट्सएवढाच जीव आहे आणि दोन उंदीर चावले तर ते आडवं होईल, या किरकोळ बाबी आहेत.

नाव सांगताना सगळे किताब सांगा. पहारेकऱ्यालाही.

आता घराण्याचा थाट. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या 2014च्या नियमांनुसार 'नोबल' पार्श्वभूमी घेतली की उंची कपडे, शिक्क्याची अंगठी, वंशावळीची गुंडाळी आणि 25 सोन्याची नाणी असलेली थैली मिळते. त्याच पुस्तकात रेपियरची किंमत आहे 25 नाणी. म्हणजे थैलीतून एक तलवार घेतली की खानदान कफल्लक. पण तुम्ही कशाला मनाला लावून घेता? सरायीचं बिल आलं की वंशावळ उलगडा आणि खिडकीबाहेर बघत बसा. पार्टीत, म्हणजे आपल्या टोळीत, चोर आहे ना, ती देईल. तिची नाणी गटारात उतरून मिळवलेली असतात, त्यामुळे तेवढं नाक मुरडायला विसरू नका.

केप घ्याच. नियमांत तिचा काडीचा फायदा नाही, पण ती कशी फडफडली हे दर वेळी सांगता येतं.

"माझं पात्र असंच वागेल" हे वाक्य घोकून ठेवा. जणू पात्र तुमच्या घरी न विचारता राहायला आलंय आणि तुमचं काही ऐकत नाही.

द्वंद्वाचं आव्हान कधी द्यायचं, हा खरा कलेचा भाग आहे. इतरांचं काम फत्ते होत आलं असेल ना, नेमकं तेव्हा. आमचंच बघा. कित्येक सेशन्स खपून आम्ही डचेसच्या दिवाणखान्यापर्यंत पोहोचलो होतो. तिने एक जहाज द्यायचं, आम्ही त्यातून कैदी सोडवून आणायचे. आमची क्लेरिक, म्हणजे जखमा बऱ्या करणारी पुजारीण, खेळणारी मुलगी एरवी तोंडातून शब्द काढत नाही, "मी हील करते" एवढंच म्हणते. त्या दिवशी ती बोलली. कागदाकडे न बघता, डचेसच्या मेलेल्या मुलाची आठवण काढून, असं काही बोलली की चिवड्याच्या वाटीकडे गेलेले हात थांबले. डीएम म्हणाला, "पर्सुएशन." म्हणजे डचेसचं मन वळलं का, ते फाशावर ठरणार. तिने वीस बाजूंचा फासा टाकला. 18. डचेसने लेखणी उचलली.

"मी तिच्या पुतण्याच्या तोंडावर हातमोजा फेकतो," आमचा सरदारपुत्र म्हणाला.

का? तर पुतण्याने त्याच्याकडे बघितलं. नुसतं बघितलं हो!

मग इनिशिएटिव्ह, म्हणजे आधी वार कोणाचा याचे फासे. नियमांत लढाईची एक फेरी सहा सेकंदांची असते. द्वंद्व दहा फेऱ्या चाललं, म्हणजे डचेसच्या दिवाणखान्यात एक मिनिट. मित्राच्या दिवाणखान्यात पाऊण तास. 19 पडला तर वर्णन, 4 पडला तरी वर्णन. मनगट कसं वळलं, पाय कसा सरकला, मेणबत्तीची ज्योत पात्यावर कशी थरथरली. आम्ही मध्ये पडायचं नाही, कारण द्वंद्वाची इभ्रत! विझार्डवाला, म्हणजे जादूगार खेळणारा, मोबाइलवर मॅच बघत होता. चोर खेळणारीने चिवड्यातले शेंगदाणे वेचून संपवले. शेवटी पुतण्या पडला, डचेस किंचाळली, पहारेकरी धावले, आणि ते धावले सगळ्यांच्या अंगावर. तेव्हा बरी नाही आठवली इभ्रत! "अरे, मला कव्हर करा ना!" क्लेरिकचा शेवटचा हीलिंग स्पेल कोणावर खर्च झाला, ते सांगायला नको. जहाज गेलं. पुढचं सेशन कधी, तर पाच जणांच्या तारखा जुळतील तेव्हा. यावर मी अधिक काही बोलत नाही.

कोणी कुरकुर केलीच तर इतिहास तोंडावर फेका. "जुन्या फ्रान्समधले उमराव असेच होते." आमच्यानेही फेकला.

होते ना. कसे होते तेही ऐक. 27 एप्रिल 1578, पॅरिसचा घोडेबाजार. भांडण दोघांचं, केलुस आणि आंत्राग यांचं. दोघांनीही आपापले दोन साथीदार आणले आणि नुसतं उभं राहायचं सोडून ते चौघेही एकमेकांवर तुटून पडले. दोन साथीदार जागीच मेले, तिसरा दुसऱ्या दिवशी गेला. केलुस 19 जखमा घेऊन महिनाभर झिजून मेला. आंत्राग दंडावरच्या ओरखड्यावर सुटला. चौघा साथीदारांतले तिघे गेले, दुसऱ्यांच्या भांडणात! दुसरा नग बूतव्हील. 1626 मध्ये द्वंद्वाविरुद्ध कडक फर्मान निघालं होतं. हा मे 1627 मध्ये पॅरिसच्या प्लास रोयालमध्ये भरदिवसा तलवार उपसून उभा राहिला. जूनमध्ये त्याचं डोकं उडवलं. त्याच्याबरोबर कोणाचं? त्याच्या साथीदाराचं, देशापेलचं. मिरवायची हौस याची, मान त्याचीही.

तेव्हा इतिहास तुझ्या बाजूने नाही रे बाबा. त्या घोडेबाजारात आम्ही कोण होतो ते तुला कळतंय का?

तुझी महत्त्वाकांक्षा आम्हाला खुपत नाही. राजाचा उजवा हात व्हायचंय ना, हो की! पुतण्याला जुगारात नागव. त्याच्या बहिणीबरोबर नाच. खोटी पत्रं लिही, आमची चोर ती त्याच्या खोलीत ठेवून येईल, तिला तेवढंच हवं असतं. द्वंद्वसुद्धा कर, पण विझार्डला साक्षीदार घे, क्लेरिकला मध्यस्थी करू दे, पैजा लागू देत, खाली गल्लीत घोडे तयार ठेवायचं काम कोणाला तरी दे. दरबारात वर चढायच्या वाटा भरपूर आहेत. तुला दिसते ती एकच, आणि तीही जिच्यावर आम्ही भिंतीला टेकून उभे असतो.

आणि ती मुलगी. इतक्या दिवसांनी तिने तोंड उघडलं होतं. तिच्या 18वर तू हातमोजा फेकलास, वर घरी जाताना "काय भारी झालं ना आज?" असं तिलाच विचारलंस. ती "हो" म्हणाली, कारण ती तशीच आहे. तिला आज फोन कर. ग्रुपवर इमोजी टाकून भागवू नकोस, फोन कर, आणि ती काय बोलते ते शेवटपर्यंत ऐकून घे. केपचं वर्णन न करता.