सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणजे जमीन झाली का? एका फिरत्या मेसेजला उत्तर

गेल्या काही महिन्यांत एकच मेसेज मला पाच-सहा गावांच्या ग्रुपवर दिसला. वर ठळक अक्षरांत "शेतकरी बांधवांनो, कायदा जाणून घ्या" आणि खाली सहा ओळी. सातबाऱ्यावर ज्याचं नाव तोच मालक. नाव नसेल तर हक्क संपला. नोटरी केलेला कागद पुरतो, रजिस्ट्री नको. बारा वर्षं कब्जा असेल तर जागा आपली, सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. घरपट्टी आपल्या नावाने असेल तर घर आपलं. आणि गायरानावर (गावाच्या चराऊ जमिनीवर) घर असेल तर ग्रामसभेचा ठराव घ्या, घर कायम होतं.

तालुक्याच्या कचेरीबाहेर लोकांना उतारे वाचून दाखवणं, अर्ज लिहून देणं हे माझं रोजचं काम आहे. हा मेसेज मोबाईलवर उघडून लोक माझ्यासमोर धरतात आणि विचारतात, "मग आता कशाला कोर्टात जायचं?" या सहा ओळींवर विसंबून लोक आयुष्यभराची कमाई घालवतात, हे मी पाहतो. म्हणून एकेक ओळ घेतो.

"सातबाऱ्यावर नाव तोच मालक." सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. सात हा अधिकार अभिलेख आणि बारा ही पिकांची नोंदवही. जमिनीचा सारा कोणाकडून वसूल करायचा यासाठी ही दप्तरं सुरू झाली आणि आजही ती महसूल खात्याचीच आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम १५७ सांगतं की अधिकार अभिलेखातली नोंद खरी मानली जाईल, मात्र उलट सिद्ध होईपर्यंत किंवा तिच्या जागी कायदेशीर नवी नोंद येईपर्यंत. मेसेजवाल्याने या वाक्याचा पहिला तुकडा उचलला आणि दुसरा सोडून दिला. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये स्पष्ट केलं की फेरफाराने, म्हणजे दप्तरातल्या नावबदलाच्या नोंदीने, मालकी निर्माण होत नाही आणि संपतही नाही. पुढे अनेक निकालांत हेच आलं. २०२१ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका प्रकरणात मृत्युपत्राच्या आधारे नोंद मागितली होती. न्यायालयाने सांगितलं, मृत्युपत्राबद्दल वाद असेल तर आधी दिवाणी न्यायालयात हक्क ठरवून घ्या, नोंद त्यानंतर.

नोंद कशी होते ते बघितलं की हे लगेच पटतं. खरेदीखत किंवा वारसाचा अर्ज आला की तलाठी (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी) गाव नमुना सहामध्ये फेरफार लिहितो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीची मुदत सरते आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. हरकत आली तर ती विवादग्रस्त नोंदवहीत जाऊन सुनावणी होते. या सगळ्यात जुन्या खरेदीखताची साखळी कोणी तपासत नाही, साक्षीदारांची उलटतपासणी होत नाही. मंडळ अधिकाऱ्याला मालकी ठरवण्याचा अधिकारच दिलेला नाही.

"नाव नसेल तर हक्क संपला." या ओळीचा मला सगळ्यात जास्त राग आहे, कारण ती माझ्या घरात घडलेली आहे.

चार वर्षांपूर्वी मी तहसीलच्या अभिलेख कक्षातून आमच्या गटाचा जुना फेरफार काढला. पिवळा पडलेला कागद, जांभळी शाई, कडा झडलेल्या. "खातेदार मयत झालेने वारस मुलगे" आणि खाली दोन नावं, माझे वडील आणि काका. आजोबांना तीन मुलीही होत्या. त्यांच्याबद्दल त्या कागदावर एक अक्षर नाही. हक्कसोड नाही, जबाब नाही, सही नाही, अंगठाही नाही. थोरली आत्या शेजारी बसली होती. मी वाचून दाखवलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "म्हणजे आम्ही नव्हतोच का रे त्या घरात?" चाळीसहून जास्त वर्षं ती हेच समजून होती की नाव नाही, म्हणजे मागण्यासारखं काही नाही.

हक्क कायद्याने येतो आणि वारसाचा हक्क तर माणूस गेला त्याच क्षणी उघडतो. आजोबा वारले तेव्हा १९५६ चा हिंदू वारसा कायदा लागू होता. त्यात मुलींना वाटा होता, आजच्याइतका नसला तरी होता. महाराष्ट्राने १९९४ मध्ये स्वतःची दुरुस्ती करून अविवाहित मुलींना एकत्र कुटुंबात जन्मतः हक्क दिला. २००५ मध्ये केंद्राने तो सगळ्याच मुलींना दिला आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की २००५ मध्ये वडील हयात असण्याची अट नाही. तलाठ्याने मुलींची नावं लिहिली नाहीत म्हणून हे कायदे रद्द होत नाहीत.

जुन्या उताऱ्यांवर नावापुढे "एकुपु" किंवा "एकुमॅ" लिहिलेलं दिसतं. एकत्र कुटुंब पुढारी, एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे जमीन सगळ्या घराची, दप्तरात नाव फक्त थोरल्याचं. पुढे संगणकीकरणात किंवा एखाद्या नव्या फेरफारात ती तीन अक्षरं गळाली की थोरल्याची मुलं प्रामाणिकपणे समजतात की जमीन आपल्याच बापाची. तुमच्या गटाचा १९५० च्या आसपासचा उतारा काढा आणि ही अक्षरं शोधा, असं मी प्रत्येकाला सांगतो.

पण आज ना उद्या बघू म्हणत बसूही नका. मंडळ अधिकाऱ्याच्या नोंदीवर प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) अपील करायला साठ दिवस असतात. त्यानंतर गेलात तर विलंब माफीचा अर्ज आणि त्याची कारणं द्यावी लागतात. संहितेचं कलम १५५ फक्त लेखनप्रमादासाठी, म्हणजे लिहिण्यातल्या चुकीसाठी आहे, वारस गाळणं किंवा नवा वारस घालणं त्यात बसत नाही. आमच्याकडे वडिलांनी बहिणींची नावं लावायला जबाब दिला, काका तयार झाले नाहीत. वाटपाचा दावा आता दिवाणी न्यायालयात आहे. मधल्या काळात काकांनी दीड एकर विकली, त्या खरेदीदारालाही पक्षकार करावं लागलं. आत्यांनी वीस वर्षं आधी विचारलं असतं तर तो माणूस यात अडकला नसता.

"नोटरी केलेला कागद पुरतो." नाही पुरत. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ आणि नोंदणी कायदा, १९०८ इथे एकच सांगतात. मुखत्यारपत्र, करार आणि मृत्युपत्र यांची मोळी बांधून जमीन विकण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये नाकारली. बहिणीचं हक्कसोडपत्रही नोंदवावंच लागतं. उलट, नोंदणी झाली म्हणून विकणाऱ्याची मालकी खरी ठरली, असंही समजू नका. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, विकणाऱ्याचा हक्क तपासणं त्याचं काम नाही. तमिळनाडूच्या एका नियमाने ते त्याच्यावर टाकलं होतं, तो नियम २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला.

"बारा वर्षं कब्जा असेल तर जागा आपली." इथे मेसेजमध्ये खरा निकाल आहे, पण तो उलटा वाचलेला. ऑगस्ट २०१९ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने एवढंच ठरवलं की प्रतिकूल कब्जाचा (मालकाचा हक्क नाकारून वर्षानुवर्षं ठेवलेल्या ताब्याचा) मुद्दा फक्त बचावासाठी नाही, वादी म्हणूनही मांडता येतो. कब्जा कसा हवा, याच्या अटी न्यायालयाने जराही सैल केल्या नाहीत. तो उघड हवा, सलग हवा आणि खऱ्या मालकाचा हक्क नाकारून केलेला हवा. भाडेकरू, राखणदार, वाट्याने कसणारा, मेहुण्याने राहायला दिलेल्या खोलीतला पाहुणा, हे सगळे परवानगीने आत आलेले. त्यांची बारा वर्षं इतक्या सहज मोजली जात नाहीत. भावांचंही तसंच. एका भावाने वीस वर्षं सगळं रान कसलं तरी तो बाकीच्यांच्या वतीनेही कसतो असं कायदा धरतो. त्याने त्यांना उघडपणे बाहेर काढलं असेल तरच घड्याळ सुरू होतं. सरकारविरुद्ध मुदत बारा नव्हे, तीस वर्षांची आहे. आणि सार्वजनिक उपयोगाच्या जागेवर असे हक्क मिळू नयेत, असं त्याच निकालात म्हटलंय.

हा समज मुरला कसा, ते मला कळतं. पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि १९४८ च्या कुळकायद्याने कसणाऱ्याला मालक केलं. "कसेल त्याची जमीन" हे आपण आजी-आजोबांकडून ऐकलं. पण कुळालाही फुकट आणि आपोआप काही मिळालं नाही. कलम ३२ ग खाली किंमत ठरली, ती हप्त्यांनी भरली, मग ३२ म चं प्रमाणपत्र मिळालं. ज्याच्या घरात तो कागद असेल त्याने तो जपून ठेवावा. शेजाऱ्याच्या बांधात नांगर घालणाऱ्याला त्या कायद्याने काही दिलेलं नाही.

"घरपट्टी आपल्या नावाने असेल तर घर आपलं." ग्रामपंचायतीचा नमुना आठ ही कर आकारणीची नोंदवही आहे. इमारत उभी आहे, तिथे माणूस राहतो, म्हणून कर. अतिक्रमणातल्या घरालाही आकारणी होते. पावतीने तिथे राहत असल्याचं दाखवता येतं, जागेची मालकी दाखवता येत नाही. गावठाणातल्या घरांसाठी २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन भूमी अभिलेख खात्याची मिळकत पत्रिका मिळते. तुमच्या गावात चौकशीची तारीख लागली की जुने कागद घेऊन स्वतः हजर राहा. बहुतेक गावांत लोक त्या दिवशी शेतावर निघून जातात.

शेवटची ओळ गायरानाची. गायरान ग्रामपंचायतीच्या मालकीचं असतं असंच लोक धरून चालतात. उतारा काढून बघा, भोगवटादाराच्या (जमीनधारकाच्या) जागी महाराष्ट्र शासन असतं. पंचायतीकडे देखभाल असते. सरकारी जमिनीवरचं अतिक्रमण काढणं किंवा नियमित करणं हा जमीन महसूल संहितेच्या कलम ५० आणि ५१ खाली जिल्हाधिकाऱ्यांचा अधिकार. ग्रामसभा मागणी करू शकते, मालकी देऊ शकत नाही. निवासी अतिक्रमणांसाठी सरकारची धोरणं आहेत, पण त्यांना तारखा आणि अटी आहेत. वनहक्काच्या दाव्याची सुरुवात ग्रामसभेतून होते हे खरं, पण तो २००६ चा वेगळा कायदा आहे आणि तिथेही अंतिम निर्णय जिल्हास्तरीय समिती घेते.

जानेवारी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात गावाच्या तळ्यावरची घरं काढायला लावली. तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांनी किंमत भरून ती राहू द्यावीत असं म्हटलं होतं, न्यायालयाने ते बेकायदा ठरवलं आणि सगळ्या राज्यांना सामाईक जमिनी मोकळ्या करण्याच्या योजना आखायला सांगितलं. भूमिहीनांना सरकारने रीतसर दिलेले पट्टे, शाळा, दवाखाना अशांना त्यात सवलत आहे. महाराष्ट्राने जुलै २०११ मध्येच त्यावर शासन निर्णय काढला.

ठरावावर सह्या करणाऱ्या सदस्यांनी एक गोष्ट आधी तपासावी. ग्रामपंचायत कायद्याच्या कलम १४ खाली सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण केलेला माणूस सदस्य राहू शकत नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की अतिक्रमण सासऱ्याने किंवा नवऱ्याने केलेलं असलं तरी त्या घरात राहणारी सदस्यही अपात्र ठरते. माझ्याकडे आलेल्या एका ठरावावर नऊ सह्या होत्या. त्यातल्या तिघांची घरं त्याच गायरानात होती.