ताई, तीन दिवस का लागले ते सांगतो

नमस्कार ताई,

तुम्हाला त्रास झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. आम्ही दुरुस्त केलेल्या तुमच्या चार खुर्च्यांपैकी चौथी आठवड्यात परत डुगडुगायला लागली, ते नाकारत नाही. पण "चार खुर्च्यांना नुसता फेविकॉल लावायला तीन दिवस आणि २४०० रुपये" असं लिहून तुम्ही एक स्टार दिलात, ते मात्र लागलं. नवीन गिऱ्हाईक आधी तेच वाचतं.

त्या तीन दिवसांत आमचं हाताचं काम जेमतेम सात-आठ तासांचं. बाकी सगळा वेळ वाळण्याचा. पहिल्या दिवशी सांधे मोकळे केले. जुन्या सागवानी खुर्चीचा सांधा ओढून निघत नाही, चिंधी धरून लाकडी मोगरीनं हलके ठोके द्यावे लागतात. त्यात दोन खुर्च्यांना आधी कुणीतरी खिळे मारलेले. सांध्यात खिळा मारला की थोडे दिवस खुर्ची घट्ट वाटते, मग खिळ्याचं भोक मोठं होतं आणि आतलं कुसूच, म्हणजे खाचेत बसणारं लाकडाचं टोक, चिरतं. लाकूड न फाडता ते खिळे काढण्यात सकाळ गेली. मग कुसवावरचा आणि खाचेतला जुना सरस खरवडला. फेविकॉल लाकडात मुरला तरच धरतो, वाळलेल्या सरसावर लावला तर पापुद्र्यासारखा सुटतो. सरस मऊ करायला कोमट पाण्याची चिंधी ठेवावी लागते आणि ती ओल पूर्ण सुकल्याशिवाय पुढचं काम करता येत नाही. पहिला दिवस असा संपला.

दुसऱ्या दिवशी "भल्या सकाळी सातला दारात" आलो, यावरही तुमची नाराजी आहे. ताई, एप्रिलात सोलापुरात अकरा वाजता फेविकॉल लावला तर पाच-सात मिनिटांत त्यावर साय धरते. चौथा पाय बसेपर्यंत पहिला सांधा वाया. याच कोरड्या हवेनं कुसू आकसतं आणि खुर्च्या ढिल्या होतात. जिथं ते मिलिमीटरभर बारीक झालं होतं तिथं सागाची पातळ चीप चिकटवून भरलं. भुसा आणि फेविकॉलचं लुकण भरलं असतं तर तासाभरात मोकळे झालो असतो, पण त्यात ताकद नसते. मग सपाट फरशीवर ठेवून सुतळीनं दोन्ही कर्ण सारखे केले, पायांना दोरी गुंडाळली आणि दांडकं घालून पीळ दिला. हे असं चोवीस तास राहायला हवं.

चारही खुर्च्यांवर "बसू नये" अशी चिठ्ठी लावली होती. तिसऱ्या दिवशी आलो तर चौथीची दोरी सुटलेली. रात्री पाहुणे आले, खुर्च्या कमी पडल्या, असं तुमच्याच घरून कळलं. पाहुण्यांना उभं ठेवता येत नाही, मान्य. पण अर्धवट धरलेला सांधा एकदा हलला की नुसता दाबून परत धरत नाही, उघडून, खरवडून नव्यानंच करावा लागतो. तो आम्ही तेव्हाच उघडायला हवा होता. घाईत फक्त परत बांधला, तेवढी चूक आमची. पण हलली ती तीच एक खुर्ची. बाकीच्या तीन घट्ट आहेत, हे तुम्ही लिहिलं नाहीत.

खुर्चीमागे ६०० रुपये फोनवर आधीच ठरले होते. त्यात मोडलेल्या दोन आडव्या दांड्या, पॉलिश पेपर, लाखेचं पॉलिश आणि जुळे सोलापूरहून साखर पेठेत तीन खेपा आल्या. घासाघीस तेव्हाही झाली होती, असो.

यापुढे वाळायला किती तास लागतील ते आधी लिहून देऊ, बाकीही काही बदल करतोय. चौथी खुर्ची येत्या रविवारी पैसे न घेता नीट करून देतो. यावं मात्र सातलाच लागेल. आणि ताई, दोरी सोमवारी आम्हीच येऊन सोडू.